दुसरा आकडा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्याच्या मागे,
जिथे रस्त्याचा रंगच गंजका आहे,
पांडुशेठ घरतांच्या कंटेनरमधल्या ऑफिसात
मी हिशेब लिहिते.
पंखा फिरतो, कोटेशनं उडतात,
त्यांवर मी नटबोल्ट ठेवते.

तळोज्याहून रोहित्र न्यायचंय ऐरोलीला. अठ्ठेचाळीस टन.
ट्रेलरचं स्वतःचं अंग चौदा.
त्यातले पंधरा घोडा आपल्या पाठीवर घेतो.
उरले सत्तेचाळीस,
आणि त्यांच्याखाली चोवीस टायर.

शेठ म्हणाले, हे घे, एकशेबत्तीसवालं.
म्हणजे टायरमागे दोन हजार किलो.
चोवीस दुणे अठ्ठेचाळीस. वर एक टन शिल्लक.
शिवाय लाखभर रुपये वाचतात ते वेगळेच.

गुणाकार बरोबर होता.

बाहेर इद्रीसचाचा नमुन्याचं टायर भिंतीला टेकवून
बशीतून चहा पीत होते.
त्यांनी अंगठा ओला केला,
टायरच्या गालावरची धूळ पुसली.
एकशेबत्तीस. तिरकी रेघ. एकशेतीस.
"पहिला आकडा एकट्याचा," ते म्हणाले,
"रेघेपलीकडचा जोडीचा.
आपले तर सगळे जोडीनंच बसतात."

मला वाटायचं, दोघं असले की सोपं जातं.
टायर बनवणाऱ्यांना तसं वाटत नाही.
त्यांना ठाऊक आहे, एकाची हवा पाच पौंड कमी असते,
रस्ता एका अंगाला कललेला असतो,
खड्डा नेमका एकाच्याच वाट्याला येतो,
आणि शेजारचा तेवढा वेळ सगळं घेतो, काही न बोलता.
म्हणून ते आधीच दोघांच्याही नावातून
शंभर-शंभर किलो कापून ठेवतात.
(सासूबाईंच्या दवाखान्यात
जावेचा नि माझा वाटा अर्धा अर्धा.
तेव्हा कुणी कापून ठेवलं नव्हतं.)

पावतीच्या पाठीवर मी तीनदा मांडलं.
एकोणीसशे गुणिले चोवीस.
पंचेचाळीस हजार सहाशे.
चौदाशे कमी.

चौदाशे किलो कागदावर कुठेच पडत नाहीत.
ते पडतात शिळफाट्याच्या वळणावर, रात्री दीडला,
जेव्हा रोहित्र किंचित डावीकडे झुकतं
आणि त्याच्या माथ्यावर चिंतामण उभा असतो
बांबूने विजेच्या तारा वर उचलत,
आणि खाली हणमंता, गळ्यात टॉवेल,
आरशात फक्त मागचा दिवा पाहतो, टायर नाही.

शेठ म्हणाले, आजवर फुटलंय का एक तरी?
मी म्हटलं, आजवर आपण अठ्ठेचाळीस टन
उचललेत कधी?
ते पावतीकडे बघत राहिले.
मग नटबोल्ट उचलून दुसऱ्या कोटेशनवर ठेवला.
एकशेत्रेचाळीस. तिरकी रेघ. एकशेएक्केचाळीस.
जोडीत असूनही पंचवीसशे पंच्याहत्तर.
"तीन हप्ते मागून घे," म्हणाले, "आणि हवेचा पाना नवा आण,
जुना खोटं बोलतो."

मंगळवारी साडेअकराला निघायचं होतं.
पुढे पायलट गाडी, मागे लाल दिवा,
बाजाराची कुत्री रांगेत बसलेली.
इद्रीसचाचांनी लोखंडी सळईने
एकेक टायर ठोकलं, कान लावून.
बावीस टायर एकाच आवाजात बोलले.
तेविसावं जरा दबक्या सुरात.
सगळे थांबले. हणमंताने इंजिन बंद केलं.
हवा भरेपर्यंत कुणी घड्याळ पाहिलं नाही.

मग ठोकलं. मग पुन्हा ठोकलं.
मी उगाचच वाकून हात लावून पाहिला.
रबर गार होतं, घट्ट,
आणि बोटाखाली, उठावाच्या अक्षरांत,
ती तिरकी रेघ.