तोल

शनिवारी रात्री पावणेदहाला नप्पी स्वयंपाकघरात आली
आणि टेबलाच्या पायाला धडकली.
उठली, पुन्हा घसरली,
चार पाय चार दिशांना.
बाबा म्हणाले, "ही प्यायलीय."

मी आधी त्यांच्याकडे पाहिलं.
कुत्रीकडे नंतर.
चौदा महिने झाले होते, तरी माझी नजर
अजून जुन्याच वाटेनं जायची.

ती चाल त्यांना आतून ठाऊक होती.
टॉर्च घेऊन ते गॅरेजमध्ये गेले,
नुसत्या मोज्यांवर, उणे सत्तावीसमध्ये.
जुन्या व्होल्वोच्या पोटाखाली
पंजाएवढं हिरवट डबकं,
आणि कडेला जिभेचे फटकारे,
पोरानं ताट चाटूनपुसून ठेवावं तसे.
गाडीचं पाणी गोठू नये म्हणून घालतात, ते.
बाबांनी वाकून हुंगलं.
"गोड असतं म्हणतात," ते म्हणाले.
"कडू असतं तर कशाला गेली असती?"

कुहमोत रात्री येणारी जनावरांची डॉक्टर एकच,
हेल्का केम्पाइनेन.
पायजम्यावर कोट चढवून पंचवीस मिनिटांत आली.
खरा उतारा ओउलूच्या दवाखान्यात,
बर्फातून तीन-साडेतीन तास,
आणि तोवर मूत्रपिंडांत काचेसारखे खडे धरू लागणार.
"व्होडका लागेल," ती म्हणाली.
"साधी. वासाची नको, रंगाची नको.
सलाइनमधून थेंबथेंब सोडते.
यकृताला एका वेळी एकच पाहुणा झेपतो.
त्याला दारूत गुंतवून ठेवायचं,
तेवढ्यात दुसरं विष न बाधता निघून जातं."

सरकारी दुकान सहालाच बंद.
शेजारच्या लाइनेकडे होती, पण बेरीची, साखर घातलेली.
मी म्हणाले, आमच्या घरात नसते.
जरा ताठ मानेनंच म्हणाले.

बाबा काही बोलले नाहीत.
सौनाच्या मागे बर्चच्या लाकडांची रास आहे,
त्यांनीच उन्हाळ्यात रचलेली.
वरून तिसऱ्या थरात त्यांनी हात घातला,
खांद्यापर्यंत,
न चाचपडता.

ते न चाचपडणं मी पाहिलं.

बाटली टेबलावर ठेवली त्यांनी,
लेबल भिंतीकडे करून.
गुरुवारच्या बैठका, चर्चच्या तळघरातली पातळ कॉफी,
फ्रीजवरच्या कॅलेंडरवर मी मारलेल्या फुल्या,
सगळ्यावर पाणी.
पाणीसुद्धा नाही.

मग हेल्कानं झाकण पिळलं.
कट्.
पत्र्याचे बारीक दात एकेक तुटत गेले,
कट् कट् कट्.
इतका कोरा आवाज
आमच्या घरात मी कधी ऐकला नव्हता.

बाबांनी तोंड फिरवलं. वास येत असणार.
मी खिडकी उघडली, रात्र आत आली,
हेल्का ओरडली, मी खिडकी लावली.

नप्पी रात्रभर झिंगत होती.
भिंतीवर भुंकली, स्वतःच्या शेपटीला दचकली,
बाबांच्या मांडीवर ओकली.
ते जमिनीवरून हलले नाहीत.
"कुशीवर ठेव, उताणी नको," मला म्हणाले.
"आणि पांघरूण घाल.
या अवस्थेत थंडी वाजलेली कळत नाही."
हे त्यांना कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती.
शिकवणारी आता योएन्सूला राहते,
दुसऱ्याच्या घरात, शांत झोपते म्हणे.

सकाळी सातला, अंधारातच,
नप्पीनं अख्खी चटई भिजवली.
हेल्कानं टाळ्या वाजवल्या, खरोखर वाजवल्या.
"चालू आहेत! दोन्ही!"

बाटलीत निम्मी उरली होती.
हेल्कानं बाटलीकडे पाहिलं, मग बाबांकडे,
मग खिशातला मार्कर काढून लेबलवर लिहिलं,
'फक्त कुत्र्यांसाठी',
आणि ती आपल्या बॅगेत टाकली,
पिचकाऱ्या आणि नळ्यांच्या मध्ये, उभी.

बाबा वाळूची बादली घेऊन गॅरेजमध्ये गेले.
फरशी एकदा घासली, दोनदा घासली.
ब्रशचा आवाज थांबेना तेव्हा मी खाली उतरले,
त्यांचे बूट हातात घेऊन.