धुणं : डाकोटा, १९०९

कोण जिंकलं ते मला विचारू नका.
मी कॉलेजची धोबीण. दर सोमवारी
फुटबॉलच्या तेरा लोकरी जर्स्या.
मला चिखल कळतो.

काळा, चिकट म्हणजे पोरं नदीकाठी आपटली.
पिवळी धूळ, रेल्वेवाल्यांचं मैदान.
एनोकच्या गळ्याशी नाकाचं रक्त, नेहमीचं;
गार पाणी, मूठभर मीठ, निघतं.

ऑक्टोबरात एकदाच
सगळ्यांच्या पाठीवर पंजे उमटलेले,
थापांचे.
त्या मी मंगळवारी भिजवल्या.

पुढे बाराच आल्या.
हाल्वरला बापानं मका खुडायला नेलं म्हणे,
जर्सी अंगातच राहिली.

आज दोरीवर सगळ्या गोठल्या,
बाह्या पसरून, ताठ.
काढल्या, तर दारातून
आत येईनात.