झीज

भोसरीत, गाळा नंबर चौदामध्ये
लेथ मशीन पोट उघडून बसलंय.
जुनं कार्ड काढलं. कूलंटचा तपकिरी चिकटा,
एका कोपऱ्यात झुरळाचं अंडं.

बॅकअप होता. पेनड्राइव्हवर.
फाइल उघडत नाही.

मग कॅबिनेटच्या दाराआड, पिवळ्या सेलोटेपखाली
मुजावरांचं अक्षर:
बॅकलॅश एक्स – ११. आधी ७ होता.

नव्या कार्डाला काय माहीत?
त्याला वाटतं स्क्रू कालच खोक्यातून निघालाय,
मागे फिर म्हटलं की लगेच फिरेल.
त्याला एकेक आकडा दाबून सांगावं लागतं
की बाबा रे, इथे वळताना जरा मोकळं पडतं,
तेवढं धरून चाल.

"मॅडम, शून्यच ठेवलं तर?" आर्चिस विचारतो.
ठेव की. मशीन चालेल.
जॉब तेवढे परत येतील.

मुजावर हल्ली खडकीत, घरीच असतात.
फोनवर बशीचा आवाज, मग खोकला:
"अकरा? किती वर्षं झाली त्याला! तेरा टाकून बघ."

तेरा.
डायलचा काटा थरथरतो, शून्यावर टेकतो.

अकरा मी खोडत नाही.
खाली जागा आहे अजून
दोन-तीन ओळींची.