आधी कोण

सकाळी सहा-वीसची फेरी.
चोडणच्या धक्क्याला तिची फळी अजून टेकलेली नसते
तोच स्कूटरवाले पुढचं चाक घुसवतात
आणि दुलबा, खाकी बाह्या कोपरापर्यंत दुमडून,
बोटानं सांगतो:
तूं मागीर. तूंय मागीर.
ती पोटुशी बाई आधी. मासळीची टोपली कडेला.
जो सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो
त्याच्याकडे तो वळूनही बघत नाही.
बघतो ते कोपऱ्यात गप्प बसलेल्याकडे.

बांबोळीत तिसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर
लाल, पिवळा, हिरवा, काळा
असे चार पट्टे ओढले,
कुणाला आधी हात लावायचा ते शिकवायला.
मी वहीत समासात लिहिलं: दुलबा.

घरी अजून सांगितलेलं नाही.
बाबांना मी कातडीची डॉक्टर व्हायला हवी,
म्हापशात मावशीची जागा रिकामी आहे,
रात्री झोप, रविवारी सुट्टी.
शर्मदामावशी विचारते,
"कॅज्युअल्टीत बसणाऱ्याची दारावर पाटी असते का गो?"
नसते.
दारही धड नसतं, दोन्हीकडे उघडणारी फळकुटं फक्त,
स्ट्रेचरच्या धक्क्यांनी कमरेच्या उंचीवर खरवडलेली.

तर तयारी अशी चोरून चाललीय.
फेरीच्या इंजिनावर दाब मोजते, ओठ न हलवता,
तीस, मग दोन श्वास, मग पुन्हा एकपासून
(इंजिन जरा जास्तच घाई करतं).
रात्री केळ्याच्या सालीला टाके घालते.
आईला सकाळी शिवलेलं केळं सापडलं.
तिनं ते काही न बोलता सोलून खाल्लं,
दोरा ताटाच्या कडेला ठेवला.
सुट्टीत उल्हास वेळीपच्या एकशेआठमध्ये मागे बसते,
तो आरशातून ओरडतो,
"वळणावर डोळे मिटू नको डॉक्टर, बाटली धर!"
ग्लेन्सियानं शीर शोधायला आपला डावा हात दिला.
तीनदा चुकले.
तिनं चौथ्यांदाही तोच हात पुढे केला,
निळाजांभळा झालेला,
आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

आणि ऑक्टोबरातली ती पहाट.
पर्वरीच्या चढावरून आणलेला पोदेर,
सायकल डंपरच्या चाकाखाली, पाव रस्ताभर.
सहा जण त्याच्यावर वाकलेले.
सिस्टर एस्पेरांसानं त्याचं सामान माझ्या ओंजळीत दिलं:
"हे धर. मध्ये येऊ नको."
एक चप्पल. भिजलेली पिशवी. रबरी भोंगा.

श्वासनलिका, श्वास, रक्ताभिसरण,
पाठ होतं सगळं, उलटं सुद्धा.
एक अक्षर जागेवर नव्हतं.
फक्त मूठ आवळत गेली
आणि भोंगा वाजला.
पोंऽ
भर खोलीत.
डॉक्टर शेटकरांनी मान वर केली नाही.
"पाव आयलो," एवढंच म्हणाले,
कुणीतरी फसकन हसलं,
आणि त्याच हातांनी नळी आत गेली.

त्याला वर थिएटरात नेलं. पुढचं मला ठाऊक नाही.
दोन दिवसांनी विचारलं,
कागदावर तेव्हा नाव नव्हतं, नुसतं
अनोळखी, वय अंदाजे पन्नास,
आणि असे त्या रात्री तीन होते.
वस्तूंच्या रजिस्टरात मात्र माझं अक्षर आहे:
भोंगा, रबरी, एक.

त्या संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर
हीऽ गर्दी.
माझ्या बाहीवर पीठ होतं, त्याच्या पिशवीचं,
वाळून कडक झालेलं.
मी ओरडत नव्हते. कोपऱ्यात उभी होते.
दुलबानं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
आधी चेहरा, मग हात, मग पाय.
मग बोट उचललं:
तूं मागीर.

मी बाजूला सरकले.
खरंच, उभी होते.