सेकंड माल

सिव्हिलच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर
एसी चालणारी ती एकच खोली.
बाहेर त्रेचाळीस.
शिकाऊ डॉक्टरीण होनमुटे म्हणाली,
बोद्धूल मावशी, पंधरा मिनिटं नुसत्या पडून राहा,
काही करू नका.
मी म्हटलं, काही म्हणजे काय काय?

लग्न झाल्यापासून इतकी मिनिटं
सलग कुणी दिली नव्हती.
छताला बंद पंखा.
त्याची पाती मोजली, तीन.
मग परत मोजली.

वर्षभर सगळं करून झालेलं.
रक्त, लघवी, मणक्याचा फोटो,
जिथं तिथं नॉर्मल.
सासू म्हणायची, नॉर्मल आहे तर ऊठ की मग.
मालक काही म्हणायचे नाहीत.
चार दिवसांनी पाणी सुटलं की रात्री दोनला
एकटेच घागरी, बॅरल, पिंप भरायचे,
मला हाक न मारता.
मी जागीच असायचे.
ते जास्त दुखायचं.

मोठ्या मॅडमनी अठरा जागी अंगठा दाबला,
कुठं दुखतं दाखवा.
मॅडम, कुठं नाही ते विचारा,
लवकर संपेल.
उजव्या कानाची पाळी. तेवढी दाखवली.

आता छातीवर गार जेली, तारा, चिमटे.
होनमुटे बोटानं लय धरते:
पाच मोजेपर्यंत आत,
पाच मोजेपर्यंत बाहेर,
मिनिटाला सहा.
एवढे मोठे श्वास मी कधी वापरलेच नव्हते,
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपांसारखे
ते आतच पडून होते.

मग मूठ. आवळा, सोडू नका.
चालत्या मागावर तुटका धागा
डोळे मिटून जोडायची ही बोटं.
दीड मिनिटात उघडली, आपोआप,
मलाच न विचारता.

मग उभ्या राहा.
उभी राहिले, आणि फरशी
एका बाजूनं उसवत गेली.
होनमुटेनं दंडाला धरलं.
तिचा हात थंड, माझा घामानं ओला.
पलंगाच्या लोखंडी काठाला टेकून
मी म्हटलं, सकाळी रोज असंच होतं,
सगळे म्हणतात, नाष्टा करत जा.

कागद लांबलचक निघाला.
बारीक शिखरं, ओळीनं.
ती म्हणाली, बघा, श्वास आत जाताना
काळीज थोडी घाई करतं, सोडताना रेंगाळतं.
ठोके कमीजास्त व्हायला पाहिजेत.
तुमचे जवळजवळ एकसारखे आहेत.

मला बरंच वाटलं ऐकून.
एकवीस वर्षं मी टॉवेलच्या घडीखात्यात,
उजेडासमोर धरून माल बघते.
एक आडवा धागा दाट, एक विरळ,
की बाजूला टाकायचा: सेकंड.
एकसारखा तोच फर्स्ट.
तसं सांगितलं तिला.
ती हसली नाही.
म्हणाली, मावशी, इथं उलटं असतं.

म्हणजे माग चालू आहे,
पण विणणारं कुणी बघत नाही,
असंच ना?
ती म्हणाली, साधारण तसंच.
आणि तुमच्या मनाचे खेळ नाहीत हे,
हेही तिनं म्हटलं, कागदाची गुंडाळी करता करता,
पत्ता सांगावा इतक्या सहज.
मी पदरानं जेली पुसत राहिले,
पुसून झाली तरी.

शेवटी फॉर्म.
दुकानात जाता का. जिना चढता का.
गालिचा साफ करता का.
मी म्हटलं, आमच्याकडं गालिचा नाही,
चादरी आहेत, त्याही दुसऱ्यांच्या.
तिनं बरोबरची खूण केली, की चुकीची, दिसलं नाही.

गेल्या आठवड्यात किती दिवस बरं वाटलं?
आठवून बघितलं.
बुधवारी दुपारी लाइट गेली होती,
अख्ख्या गल्लीतले माग एकदम थांबले,
ओट्यावर गार पडले होते मी, पाठ टेकून,
कुणी काही मागितलं नाही
तासभर. थोडा जास्तच.

दिवस सांगा, मावशी,
शून्य ते सात.
तास लिहायला जागा नाही.

मी म्हटलं, मग तुम्हीच ठरवा.
ती पेन धरून थांबली.
बाहेर कुणाचातरी नंबर पुकारला,
आणि अजून एकदा.
ती अजून थांबलेलीच होती.