नऊ नंबरचा तुकडा

सकाळी साडेसहाला वारा पडलेला असतो.
वारा पडला की ती वर येते,
रात्रभर श्वास कोंडून धरल्यासारखी,
आणि नेय सरोवरावर साय धरते.
हिरवी साय.

मी ड्रोन उडवते. चाळीस मीटर उंच,
अठ्ठावीस मिनिटांची बॅटरी.
स्क्रीनवर निळं म्हणजे ठीक,
पिवळं म्हणजे नमुना घ्या,
लाल म्हणजे पाटी लावा :
पोहू नका, कुत्री सोडू नका.
खरं हिरवं इथे लाल दिसतं.
सवय होते.

मालाकी मकॅरी,
वाम पकडण्यात सत्तेचाळीस वर्षं गेली त्याची,
ड्रोनकडे बघतही नाही.
नाक वर करतो, म्हणतो,
"उद्या दक्षिणेच्या खाडीत. कुबट सुटलंय."
आणि उद्या दक्षिणेच्या खाडीतच.
माझ्या अहवालात नाकाला रकाना नाही.

त्याची बोट आता माझे नमुने वाहते,
वामींऐवजी बाटल्या.
एकदा विचारलं त्याने,
वरून कशी दिसते रे ही?
दाखवली.
हिरव्या थराला चिरत गेलेली काळी रेघ,
पुढे टोकाला तांदळाएवढा तो,
आणि मागून मिटत येणारी रेघ.
बराच वेळ बघत राहिला.
"जसा काही मी गेलोच नाही तिथून,"
म्हणाला, आणि कोरडेच दोर
पुन्हा गुंडाळायला लागला.

रात्री फोटो जोडायला बसते.
तीनशे बारा तुकडे, कडेला कड लावून
एक सरोवर शिवायचं.
नऊ नंबरशी हात अडतो.
धक्क्याच्या टोकाला एक ठिपका.
सोमवारी. बुधवारी. गुरुवारी विरळ धुक्यातही.
मोठा करून पाहिला :
मालाकी, हातात पट्टा,
पट्ट्याला पुढे काही नाही.

जिप गेल्या ऑगस्टात गेली.
काठी आणायला पाण्यात उतरली,
बाहेर येऊन अंग चाटून साफ केलं,
स्वच्छ राहायची भारी हौस तिला.
दुपारपर्यंत आटोपलं.
तेव्हा पाटी नव्हती.
ड्रोन दुरुस्तीला बेलफास्टला होतं, तेरा दिवस.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

सॉफ्टवेअर विचारतं : पाण्याबाहेरचा भाग कापायचा?
रोज हो म्हणते.
आजही म्हटलं.

उद्या वारा आहे म्हणे, ताशी चाळीसचा.
उडवता येणार नाही.
धक्क्यापर्यंत चालत
अकरा मिनिटं लागतात.