सोबतीला कोण

अर्जावर शेवटचा रकाना होता:
घरी कोण नेणार, रात्रभर जवळ कोण राहणार.
ऑपरेशन त्यापेक्षा सोपं.
मुलगा स्वित्झर्लंडमध्ये, लोकांच्या घरांवर छपरं घालतो.
नवऱ्याचं समुद्राला विचारा.
मी लिहिलं: एरुंदिना, शेजारीण.
तिच्याशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते,
एका खडकावरून.

खडक म्हणजे खडकच. मोठ्या ओहोटीला तेवढा उघडा पडतो.
त्याला पेर्सेबेस चिकटतात, अंगठ्याएवढे जाड, काळे,
नाताळात कोरुन्याच्या बाजारात त्यांना सोन्याचा भाव.
ती म्हणाली माझा, मी म्हटलं माझा,
तेवढ्यात लाट दोघींच्या थोबाडीत मारून गेली.

पण गाडी तिच्याकडेच होती.

पहाटे आली. दार वाजवलं नाही, हॉर्न दिला.
निलगिरीची झाडं, पवनचक्क्या, रेडिओवर मासळीचा लिलाव.
"कुठला खांदा?"
"उजवा."
साठ किलोमीटरमध्ये एवढंच.

अंगठी निघेना. तीस वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेलं बोट,
साबण झाला, तेल झालं,
शेवटी नर्सनं तिच्यावरच चिकटपट्टी गुंडाळली.
उक्सिया तिचं नाव, वय माझ्या बुटांएवढं असेल.
"दोसिंदा, शून्य ते दहा, दुखणं किती?"
मी म्हटलं, कुठलं?
केस विंचरताना चमकतं ते,
कुशीवर वळलं की ठणकतं ते,
बादली उचलताना कळ थेट दाढेत जाते ती,
की दिवसभराची ती भगभग,
जी आता घरातल्या माणसासारखी झाली आहे, दिसतसुद्धा नाही?
तिनं माझ्याकडे पाहिलं
आणि सात लिहिलं.

मग मानेत सुई. पडद्यावर करडं पाणी,
त्यात ते नस शोधत होते,
बोटीवर माशांचा थवा शोधतात तशी.

जाग आली तर पोटावर कुणाचा तरी हात.
जड, कोमट, ओल्या वाळूच्या पोत्यासारखा.
मी डाव्या हातानं उचलून बाजूला ठेवला, पुन्हा घसरला.
चिकटपट्टी पाहून ओळख पटली.
पडद्यापलीकडे हर्नियाचा एक म्हातारा चिडून विचारत होता,
मला आत कधी घेणार?
त्याचं होऊन तास झाला होता.

टोस्ट खा. लघवी होऊ दे. सही कर, डाव्या हातानं.
दोन वाजता आम्ही मोकळ्या.
"दुखायच्या आधी गोळी घे," उक्सियानं तीनदा बजावलं.
दुखायच्या आधी! लाट यायच्या आधी
खडक सोडणारी बाई मी नव्हेच.
नऊ वाजता गोळी कपाटात ठेवली
आणि मेलेला हात उशीवर निजवला.

तीन वाजता हात परत आला.
रिकाम्या हातानं नाही.
आधी करंगळीत मुंग्या, मग कोपर,
मग खांद्यातून कुणीतरी
पेर्सेबेस खरवडून काढतं तसं, लोखंडी पट्टीनं,
मुळापासून.
ओरडले की नाही आठवत नाही. एरुंदिना उठली.
बूट घालूनच झोपली होती सोफ्यावर.
"किती?"
"अकरा."
"गोळी कुठंय?"
कपाट म्हटल्यावर तिनं मला ज्या शिव्या दिल्या
त्या नऊ वर्षं जपून ठेवलेल्या असणार,
एकही शिळी नव्हती.
मग पाणी. मग गोळी. मग माझं डोकं धरून ती बसली,
उजाडेपर्यंत, तिच्या अंगाला डिझेलचा वास.
खडकाचं नाव निघालं नाही.

दुपारी फोन आला, उक्सियाच.
शून्य ते दहा?
मी एरुंदिनाकडे पाहिलं. तिनं चार बोटं वर केली.
चार, मी म्हटलं.

दोन वाजता चोवीस तास भरले.
तिनं घड्याळाकडे पाहिलं, किल्ली उचलली,
आणि परत ठेवून म्हणाली,
बटाटे सोलायला डावा हात चालणार नाही तुझा.